वाघ्या, तंबू आणि नवेगावबांध

वाचकहो, धानाची चुरणी आटोपलेली असते, पोती विकली गेलेली असतात आणि उन्हाळी धानाचे पऱ्हे अजून रोवणीला आलेले नसतात. या दोन कामांच्या मधल्या फटीत आपल्या झाडीपट्टीतल्या शेतकऱ्याला चार दिवस उसंत मिळते. बहुतेक जण ते चार दिवस सोयरीक, मंडई आणि तहसीलच्या फेऱ्यांत घालवतात. मीही तेच करीत आलो. नोकरी कृषि विस्तार अधिकाऱ्याची. बी.एस्सी. होऊन पंचायत समितीत लागलो तेव्हापासून दुसऱ्यांच्या बांधीत पाय घालून हिंडतो आहे. पण घरच्या मंडळींना घेऊन जवळचे जंगल दाखवावे, हे काही कधी जमले नव्हते.

गेल्या जानेवारीत प्रजासत्ताक दिनाला जोडून सुटी आली आणि नववीतल्या धाकट्याने हट्टच धरला. शाळेतल्या स्काउटच्या गुरुजींकडून त्याने तंबू मागून आणला होता. "बाबा, नवेगावबांधला जाऊ. तंबूत राहू. आणि वाघ्यालाही नेऊ."

वाघ्या म्हणजे आमचा कुत्रा. जात गावठी, रंग तांबूस, वय तीन वर्षे. नाव वाघाचे असले तरी ढग गडगडले की तो पलंगाखाली शिरतो. मात्र शेतावर त्याची गोष्ट वेगळी. धान निसवला की रात्री रानडुकराची चाहूल त्यालाच आधी लागते. जागलीच्या मांडवावर तो सोबत असला म्हणजे माझ्या भावाला निर्धास्त डुलकी घेता येते. असा घरचा गडी मागे कसा ठेवायचा? सौ.ने चिवडा आणि भाकरीचे पीठ बांधले, मुलीने पांघरुणे घेतली आणि वाघ्या सर्वांच्या आधी जीपगाडीत जाऊन बसला.

त्या दोन दिवसांत जे पाहिले ते सांगावेच, पण जे कळले ते जास्त सांगण्यासारखे आहे. म्हणून हा लेख.

सात बहिणींच्या कुशीतले पाणी

गोंदियाहून दक्षिणेला साठ-पासष्ट किलोमीटरवर, अर्जुनी मोरगाव तालुक्यात नवेगावबांध आहे. नागपूर-रायपूर महामार्गावरून येणाऱ्याने कोहमाऱ्याला वळावे. रेल्वेने येणाऱ्याला गोंदिया-बल्लारशा मार्गावरचे देवळगाव स्टेशन जवळ पडते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापलेल्या बांध्या, धुऱ्यावर मोहाची झाडे, मध्येच एखादी बोडी आणि तिच्यात पाय रोवून उभा असलेला बगळा. आपल्याला हे रोजचे दिसते म्हणून त्याचे कौतुक वाटत नाही. मुंबईकडचा पाहुणा मात्र इथे गाडी थांबवून उतरतो.

तलाव दृष्टीस पडला तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. पाण्यावर धुके होते आणि धुक्यावर सातबहिणींचे डोंगर नुसते तरंगल्यासारखे दिसत होते. सुमारे 11 चौरस किलोमीटरचा हा विस्तार. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी हा बांध घातला, असे मानले जाते. डोंगरांच्या रांगेतली उघडी जागा नेमकी हेरून मातीची पाळ टाकायची आणि पावसाचे पाणी अडवायचे, ही कोहळी समाजाची हातोटी. पुढे लोकांनी त्या कोलू पाटलालाच कोलासूर देव केले. तलाव बांधणाऱ्याला देवपण द्यावे, यात मला नवल वाटत नाही. ज्याच्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या धान पिकला, तो देवच!

आपल्या भंडारा-गोंदियाला तलावांचे जिल्हे म्हणतात ते अशा माणसांमुळे. 1950 साली कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि त्यांना माजी मालगुजारी, म्हणजे आपल्या बोलण्यातले 'मामा तलाव', हे नाव पडले. नाव बदलले, पण कित्येक ठिकाणी गाळ काढायला कुणी वाली उरला नाही. तो विषय मोठा आहे, त्यावर पुन्हा केव्हातरी.

या तलावाभोवतीच्या जंगलाला 1975 साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. क्षेत्र 133.88 चौरस किलोमीटर. महामार्गाच्या पलीकडचे नागझिरा अभयारण्य त्याआधीचे, 1970 चे. 2013 साली ही जंगले आणि शेजारच्या भंडाऱ्यातले कोका अभयारण्य मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. पक्ष्यांसाठी तर नवेगावचे नाव फार जुने. मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून इथे दिवस काढले आणि त्या दिवसांवर पुस्तक लिहिले. 2025 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जून महिन्यात ते गेले.

"लस दिली आहे का जी?"

उतरण्याची सोय आधीच ठरली होती. गावाजवळच एका जुन्या ओळखीच्या शेतकऱ्याचे खळे आहे. श्री पद्धतीच्या धान लागवडीच्या वेळी त्यांच्या बांधीत मी प्रात्यक्षिक घेतले होते. तेव्हापासूनचा घरोबा. सामान तिथे टाकून आम्ही सारे, वाघ्यासह, उद्यानाच्या प्रवेशद्वाराशी गेलो.

तिथे एक तरुण वनरक्षक होता. त्याने कागद पाहिले, माणसे मोजली आणि वाघ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "साहेब, कुत्रा आत नाही जाणार जी."

मी म्हणालो, "भाऊ, दोरी आहे गळ्यात. गाडीतून उतरणार नाही. कुणाला चावत नाही."

"तसं नाही साहेब. नियमच आहे. पाळीव जनावर आत नाही."

आता खरे सांगतो, वाचकहो, मला थोडा राग आला. आपणही सरकारी माणूस, आपल्यालाही जरा सवलत मिळावी, ही खोड आमच्या अंगात मुरलेली असते. मी म्हणालो, "अहो, आत बिबट आहे, अस्वल आहे. हा बिचारा त्यांना काय करणार? तेच याला खातील."

त्यावर तो पोरगा शांतपणे म्हणाला, "खाल्लं तर त्यांचंच नुकसान होईल ना साहेब! याला लस दिली आहे का जी?"

मी गप्प झालो. गेली कित्येक वर्षे मी गावोगाव सांगत फिरतो: जनावरांना लाळ-खुरकुताची लस टोचा, घटसर्पाची टोचा, शेळ्यांना पीपीआरची टोचा. माझ्या गोठ्यातल्या एकूण एक जनावराची नोंद माझ्या वहीत आहे. आणि दाराशी तीन वर्षे झोपणाऱ्या या कुत्र्याला मी एकही सुई टोचून घेतलेली नव्हती! कुत्रा म्हणजे उरलेले अन्न खाणारे जनावर, त्याला कसली आली लस, हाच विचार माझ्याही मनात कुठेतरी बसलेला होता. मुलगा माझ्या तोंडाकडे पाहत होता. मी "नाही" म्हणालो आणि वाघ्याची दोरी सौ.च्या हाती दिली.

मोत्याची आठवण

शेवटी असे ठरले की सकाळच्या फेरीला मी आणि धाकट्याने जायचे, दुपारच्या फेरीला मायलेकींनी. वाघ्याजवळ नेहमी कुणीतरी राहील.

आत गाडी हळूहळू चालली होती. सागाची पाने वाळून गळत होती. चितळांचा कळप पाहिला. बांबूच्या बेटाआडून एक रानगवा आमच्याकडे सावकार थकबाकीदाराकडे पाहतो तसा पाहत राहिला. मग वळणावर गाइडने हात वर केला. गाडी थांबली.

रस्त्यावर पाच-सहा रानकुत्री बसली होती. तांबडा रंग, गोलसर कान, काळी झुपकेदार शेपटी. त्यांतले एक उठले आणि त्याने शीळ घातली. हो, शीळच! ही जनावरे भुंकत नाहीत. जंगलात पांगली की शीळ घालून एकमेकांना हाक देतात. धाकटा हळूच म्हणाला, "बाबा, अगदी वाघ्यासारखी."

गाइड म्हणाला, "दिसतात तशी, पण जात वेगळी. गावच्या कुत्र्याशी यांचा संकर होत नाही. रोग मात्र एकमेकांचे लागतात."

तो एवढेच बोलला आणि मला आमचा मोत्या आठवला.

वाघ्याच्या आधी आमच्याकडे मोत्या होता. एका हिवाळ्यात गावातली कुत्री पटापट आजारी पडली. डोळ्यांत चिपाडे, नाकातून शेंबूड, ताप, जुलाब, आणि मग जबडा नि पाय झटकायला लागायचे. लोक म्हणाले, "झटके आले." आठवडाभरात मोत्याही त्यातच गेला. धाकटा तेव्हा लहान होता. त्याने पाहू नये म्हणून मी पहाटेच मोत्याला पोत्यात घातले आणि जंगलाला लागून असलेल्या नाल्यात नेऊन टाकले. पुरलेसुद्धा नाही. गावातल्या इतरांनीही आपापली मेलेली कुत्री तिथेच टाकली होती. त्या नाल्यावर रात्री काय काय पाणी प्यायला येते, काय काय हुंगत फिरते, याचा मी क्षणभरही विचार केला नव्हता. बी.एस्सी.च्या वर्गात रोगप्रसार शिकलेला माणूस मी!

त्या रोगाचे नाव कॅनाइन डिस्टेंपर. शेतकरी बांधवांना तो एका शब्दात समजावून सांगता येईल. आपल्या आजोबांच्या काळी बुळकांडीने गोठेच्या गोठे ओस पडत. ती बुळकांडी, माणसाचा गोवर, शेळ्यांचा पीपीआर आणि कुत्र्यांचा डिस्टेंपर या चारींचे विषाणू एकाच घराण्यातले, चुलत भावंडेच म्हणा. लसीच्या बळावर बुळकांडी 2011 साली साऱ्या जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. म्हणजे या घराण्याला आवर घालता येतो. पण त्यासाठी लस टोचावी लागते.

डिस्टेंपर आजारी कुत्र्याच्या लाळेतून, शिंकेतून, मलमूत्रातून पसरतो. तो कुत्र्यांपुरता राहत नाही. रानकुत्री, कोल्हे, लांडगे यांना होतोच, शिवाय वाघ, सिंह, बिबट यांनाही होतो. 1994 साली आफ्रिकेतल्या टांझानियाच्या सेरेनगेटी राष्ट्रीय उद्यानात या रोगाने सुमारे एक तृतीयांश सिंह मेले. भोवतालच्या गावांतल्या कुत्र्यांकडून तो जंगलात गेला असे तज्ज्ञांनी दाखवून दिले आणि पुढे तिथल्या गावोगावच्या कुत्र्यांना लस टोचण्याचे काम सुरू झाले. आपल्याकडे गुजरातेतल्या गीरमध्ये 2018 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात एका भागातले 23 सिंह दगावले, त्यांतल्या काहींत हाच विषाणू सापडला. रशियाच्या पूर्वेकडच्या वाघांतही तो आढळला आहे.

आता आपल्या नवेगाव-नागझिऱ्याकडे पाहा. इथे वाघ कमी झाले म्हणून 20 मे 2023 रोजी चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी भागातून दोन वाघिणी आणून सोडल्या. 2024 साली तिसरी आणली. किती माणसे, किती खर्च, किती जागरणे! आणि एका आजारी कुत्र्याच्या मागे लागून हे सारे धोक्यात येऊ शकते. तो तरुण वनरक्षक मला आडवा आला तो उगाच नव्हे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तर अभयारण्याच्या आत आणि हद्दीपासून 5 किलोमीटरपर्यंतच्या पाळीव जनावरांना सांसर्गिक रोगांची लस टोचण्याचे कलमच आहे. कायदा करणाऱ्यांना जे सुचले ते मला दारातल्या कुत्र्याबाबत सुचले नाही, एवढाच काय तो फरक.

सौ.चा नफा

अकराच्या सुमाराला बाहेर आलो तर सौ. आणि मुलगी तलावाच्या पाळीवर बसलेल्या आणि वाघ्या त्यांच्या पायाशी झोपलेला. मला वाटले, कंटाळल्या असतील. तर त्यांनीच आम्हाला पक्षी दाखवायला सुरुवात केली. लालसरी बदकांचा मोठा थवा, कमळाच्या पानांवर पाय टाकत चालणाऱ्या जांभळ्या पाणकोंबड्या, आणि दूर काठावर करड्या रंगाचे, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंसासारखे पक्षी. ते पट्टकादंब. हिवाळ्यात ते हिमालय ओलांडून आपल्या तलावांवर उतरतात. तिबेट-लडाखकडे त्यांची घरटी.

योगायोग पाहा. इथून जवळच गोठणगावकडे, इटियाडोह धरणाच्या अंगाला, तिबेटी निर्वासितांची वसाहत 1972 सालापासून आहे. माणसे तिथली आली ती इथे राहून गेली, शेती करू लागली. पक्षी मात्र दर वर्षी येतात नि परत जातात.

सौ. म्हणाली, "एकदाच वाघ्या भुंकला आणि सगळा थवा उठला. मग मी त्याला मांडीशी धरून बसले. तो गप्प झाला तेव्हा पाखरं परत उतरली." हा धडा कुणी शिकवल्याशिवाय ती शिकली. हजारो किलोमीटर उडून आलेले पाखरू दमलेले असते. त्याला दिवसभर उठवत राहिले तर त्याची चरबी उडण्यातच संपते आणि परतीच्या प्रवासाला ताकद उरत नाही.

इथे सारसाची गोष्ट सांगायलाच हवी. महाराष्ट्रात सारस राहिला तो मुख्यतः आपल्या गोंदिया जिल्ह्यात आणि शेजारी थोडासा. पावसाळ्यात तो आपल्याच बांधीत घरटे करतो, बहुधा दोन अंडी घालतो आणि नर-मादी आळीपाळीने महिनाभर ती उबवतात. मोकाट कुत्र्यांच्या टोळीला घरटे सापडले की त्या जोडप्याचे वर्ष फुकट जाते. ज्याच्या बांधीत सारसाने घरटे केले असेल त्याने तेवढे दिवस आपला कुत्रा घरी बांधावा. तेवढे पुण्य पुरे.

रात्रीचा पाहुणा

संध्याकाळी खळ्यात तंबू ठोकला. पुंजण्याशेजारी तणसाची गादी घातली. चुलीवर भाकरी, वांग्याची भाजी, लाखोळीच्या डाळीचे वरण. थंडी चांगलीच पडली होती. जेवणे झाल्यावर धाकट्याने वाघ्याला तंबूच्या खुंटीला बांधायला घेतले.

आमचे यजमान धावतच आले. "साहेब, काय करता जी? कुत्रा बाहेर बांधता? म्हणजे बिबटाला ताट वाढून ठेवल्यासारखं झालं. पोरं आत झोपणार ना?"

मी म्हणालो, "तो भुंकेल, आपण जागे होऊ."

"भुंकायला वेळ मिळाला तर! आणि भुंकला नाही तर तुम्ही आत, तो दाराशी, आणि मध्ये कापडाचा पडदा."

त्यांनी ऐकले नाही. मायलेकींना घरात झोपवले. वाघ्याला ओसरीलगतच्या खोलीत घेऊन दाराला कडी घातली. तंबूचा हट्ट होता म्हणून मी आणि धाकटा तंबूत राहिलो, पण तोही त्यांनी खळ्यातून काढून घराच्या भिंतीला चिकटवून दिला, दिवा लावून ठेवला आणि स्वतः ओसरीवर निजले.

दोनच्या सुमाराला गावातली कुत्री एकदम पेटली. दक्षिणेच्या टोकापासून भुंकणे सुरू झाले आणि जवळजवळ येत गेले. मग एकाएकी सारे चिडीचूप. ती शांतता भुंकण्यापेक्षा वाईट होती. धाकट्याने माझा हात घट्ट धरला. ओसरीवरून यजमानांनी मोठ्याने खाकरून काठी आपटली, बॅटरी फिरवली. खोलीतून वाघ्याचा आवाज नाही. थोड्या वेळाने आम्ही दोघे घरात गेलो ते सकाळपर्यंत तिथेच. वाघ्या कोपऱ्यात अंग चोरून बसला होता आणि थरथरत होता. धाकट्याने त्याच्यावर आपले पांघरूण टाकले.

सकाळी उकिरड्याजवळच्या ओल्या मातीत ठसे सापडले. गोलसर, चार बोटांचे, नखांची खूण नाही. कुत्र्याच्या ठशात पुढे नखे उमटतात. मांजरकुळातली जनावरे चालताना नखे आत ओढून घेतात, म्हणून त्यांच्या ठशात ती दिसत नाहीत. ठसे उकिरड्यावरून खळ्यात आले होते आणि आदल्या संध्याकाळी जिथे तंबूची खुंटी होती तिच्याजवळून वळून नाल्याकडे गेले होते. धाकटा बराच वेळ त्या खुंटीच्या भोकाकडे पाहत उभा राहिला. मीही.

बिबटाला दोष देण्यात अर्थ नाही. गावाच्या कडेला राहणाऱ्या बिबटाचे कुत्रे हे नेहमीचे भक्ष्य. आपणच ते त्याच्या वाटेवर बांधतो, आणि त्याच्याबरोबर त्याला आपल्या अंगणाची वाटही दाखवतो.

जायचेच असेल तर

आमच्या एका नातेवाइकाचा मुलगा अमेरिकेत असतो. तिथे लोक कुत्रा घेऊन राष्ट्रीय उद्यानात तंबू ठोकतात, असे त्याने मागे सांगितले होते. परत आल्यावर त्याला मुद्दाम विचारले. तिथेही सगळीकडे मोकळीक नाही. यलोस्टोनसारख्या मोठ्या उद्यानात कुत्रा मुक्कामाच्या ठरलेल्या जागेत आणि रस्त्याच्या कडेलाच चालतो, तोही 6 फुटांपेक्षा लांब नसलेल्या दोरीने बांधलेला. जंगलातल्या पायवाटांवर त्याला मुळीच मनाई. आपल्याकडे उद्यानाच्या आत तो पूर्णच बंद आहे. तेव्हा कुत्र्यासह मुक्काम करायचा तर जंगलाबाहेर, गावाच्या आश्रयाने, हे पक्के धरून चालावे. त्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो.

एक. लस आधी, सहल मागून. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की डिस्टेंपर, पार्वो वगैरे रोगांची एकत्रित लस सुरू करावी आणि पशुवैद्यकाने सांगितलेल्या अंतराने ती पुन्हा टोचून पुरी करावी. तीन महिन्यांनंतर रेबीजची लस, आणि पुढे दर वर्षी. लस टोचल्यावर अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे जातात. आदल्या दिवशी सुई टोचून दुसऱ्या दिवशी निघू नये. आजारी कुत्र्याला तर नेऊच नये.

दोन. दोरी मजबूत, आणि हातात. रात्री कुत्रा चार भिंतींत. तंबूच्या बाहेर, गाडीखाली, झाडाला, बंडीला, कुठेही बांधून ठेवू नये.

तीन. उरलेले अन्न, हाडे, कोंबडीची पिसे मुक्कामाजवळ टाकू नयेत. वासाने रानडुक्कर येते, मोकाट कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट येतो.

चार. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायला जाताना कित्येक जण कुत्रा सोबत नेतात. तो राखण करील असे वाटते. घडते उलटे. कुत्रा अस्वलावर भुंकतो, अस्वल चवताळते, कुत्रा जीव घेऊन धन्याकडे पळत येतो आणि अस्वल त्याच्या मागोमाग. पहाटेच्या अंधारात एकट्याने जाऊ नये, चौघांनी मिळून बोलत-खाकरत जावे आणि कुत्रा घरी ठेवावा.

पाच. परत आल्यावर कुत्र्याच्या कानांत, बोटांच्या बेचक्यांत, मानेखाली गोचीड पाहावी. ओढून अर्धवट तोडू नये, चिमट्याने मुळाशी धरून सरळ काढावी आणि मग हात धुवावेत.

सहा. कुत्रा चावलाच, मग तो घरचा असो की परका, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मिरची, चुना, तेल लावत बसू नये. रेबीज एकदा अंगात भिनला की त्यावर इलाज नाही. लस मात्र वेळेवर घेतली तर जीव वाचतो.

सात. मेलेले कुत्रे नाल्यात, जंगलाच्या कडेला टाकू नये. खोल खड्डा करून, चुना टाकून पुरावे. हे वाक्य मी स्वतःसाठीही लिहितो आहे.

शेवटचे

निघताना प्रवेशद्वारावरून गाडी गेली तेव्हा तोच वनरक्षक उभा होता. मी गाडी थांबवून उतरलो आणि म्हणालो, "भाऊ, काल तुम्ही विचारलं ते बरं केलं." तो लाजला. म्हणाला, "माझ्या घरी पण कुत्रा आहे जी. त्याला मागच्या वर्षी टोचून घेतलं. आधी मला पण माहीत नव्हतं."

गावी आल्यावर मी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. वाघ्याची पहिली सुई झाली. मग सरपंचांशी बोललो आणि एका रविवारी शाळेच्या पटांगणात गावातल्या कुत्र्यांसाठी लसीकरण ठेवले. पोरांनी दोऱ्या, चिंध्या, बैलाचे कासरे, जे हाती लागले ते बांधून आपापली कुत्री ओढत आणली. लोक हसले. "साहेब आता कुत्र्यांचे विस्तार अधिकारी झाले," असेही कुणी म्हणाले. म्हणोत. त्या हसणाऱ्यांतलेच दोघे संध्याकाळी आपली कुत्री घेऊन माझ्या दाराशी आले, आणि दवाखाना केव्हा उघडतो ते विचारून गेले.

गोठ्यातल्या जनावरांची नोंद मी ज्या वहीत ठेवतो, तिच्यात धाकट्याने आता एक नवे पान केले आहे. वर लिहिले आहे, 'वाघ्या'. खाली तारीख, लसीचे नाव आणि पुढची तारीख. त्याच्या आधीच्या पानावर, न विचारता, त्याने आणखी एक नाव लिहून ठेवले आहे. त्याच्यापुढचे रकाने रिकामे आहेत. नाव आहे, 'मोत्या'.

मी ते पान फाडलेले नाही.